दोघांनी मिळून नागपुरात नाटक, गाणं, चित्रं बघायची तर… एका लाइटवालीचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला दीड वर्ष झालंय, दोघंही मिहानमध्ये नोकरीला, घर मनीषनगरात, मूळ नाशिकचे. शनिवार-रविवार म्हणजे मॉल, फुटाळा तलाव आणि परत मॉल. तिला नाटक आवडतं, त्याला गाणं, पण तिला शास्त्रीय गाण्यात झोप येते आणि त्याला नाटकात "हे लोक इतकं मोठ्यानं का बोलतात" असं होतं. महिन्याला दोनेक हजार खर्च करायची तयारी आहे. तर नागपुरात असं काही असतं का, आणि दोघांनी मिळून एन्जॉय कसं करायचं?

असतं बाप्पा, भरपूर असतं. मी अठ्ठावीस वर्षं इथल्या हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतेय, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या अंधारात उभी राहून किंवा मागच्या केबिनमधून डिमर खालीवर करत मी नाटकापेक्षा प्रेक्षकच जास्त बघितलेत. नवरा वीज खात्यात होता, मागच्या वर्षी रिटायर झाला. त्याचा लाइटशी संबंध खांबावरचा, माझा स्टेजवरचा, त्यामुळे तुमचं भांडण मला तंतोतंत माहितीये. आमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्याला एका मैफलीला नेलं, विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला हा माणूस घोरायला लागला, तोही सुरात नाही. पुढच्या रांगेतल्या काकूंनी मागे वळून बघितलं. मी घरी येऊन रडले होते.

पहिली गोष्ट, मुंबई-पुण्याच्या नाटकांची वाट बघत बसू नका. ती येतात, बघावीत पण, पण सात-आठशे किलोमीटरवरून सेट, माणसं, बस आणायची म्हटल्यावर ती दौऱ्यावरच येतात, नागपूर-अमरावती-अकोला-चंद्रपूर असं एका फेरीत उरकतात आणि मग महिना-महिना पत्ता नसतो. तिकीटही त्या मानानं जड, दोघांचे हजार-बाराशे सहज जातात. तेवढ्यावरच राहिलात तर वर्षाला चार नाटकं होतील आणि तुम्ही म्हणाल नागपुरात काही नसतं. लोक म्हणतातच. खरं म्हणजे या गावात स्वतःचं जे होऊन राहिलंय ते बघा. ते स्वस्त आहे, जवळ आहे, आणि मुख्य म्हणजे तीच माणसं तुम्हाला वर्षानुवर्षं परत परत दिसतात, मागच्या वर्षी अडखळणारा पोट्टा यावर्षी स्टेज खाऊन टाकतो, आणि ते फक्त तुम्हा दोघांनाच माहिती असतं.

यात सगळ्यात वर मी ठेवीन राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा. राज्य सरकारची आहे, १९५४ पासून चालूये, तिची प्राथमिक फेरी जिल्ह्या-जिल्ह्यातल्या केंद्रांवर होते, तसं नागपूरही केंद्र आहे, आणि साधारण दिवाळीनंतर इथे रोज संध्याकाळी एक नवीन नाटक लागतं. बहुतेक वेळा लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सोसायटी सभागृहात, तो आठ रस्ता चौकाजवळचा. तिकीट चहा-समोशाच्या पैशात. आणि हे बघताना एक लक्षात ठेवा म्हणजे मजा दुप्पट होते : जो सेट तुम्हाला दिसतोय तो त्याच दिवशी उभा राहिलाय. सकाळी टेम्पो येतो, दुपारी नेपथ्यवाले ठोकाठोकी करतात, मला लाइट लावायला जेमतेम दोन-अडीच तास मिळतात, रंगीत तालीम अर्धीच होते, आणि संध्याकाळी तिसरी घंटा. रात्री सगळं उपटून परत टेम्पोत, कारण उद्या दुसरा संघ. हे करणारे दिवसा बँकेत, शाळेत, कोर्टात काम करून राहिलेले असतात. काही नाटकं रद्दी निघतील, स्पष्ट सांगते. सलग तीन दिवस गेलात तर एक बोअर, एक बरं आणि एक असं निघेल की घरी जाताना दोघंही गप्प असाल. आणि प्रेक्षकांकडे पण बघा, त्यात निम्मे कलाकारांचे नातेवाईक आणि निम्मे दुसऱ्या संघांचे लोक असतात, नातेवाईक चुकीच्या जागी हसतात आणि दुसऱ्या संघवाले बरोबर जागीसुद्धा हसत नाहीत. शेवटच्या ओळीत तीन परीक्षक छोटा दिवा लावून कागदावर लिहित बसलेले असतात. तुम्ही दोघं पण घरून मार्क देऊन बघा, रिझल्ट लागला की कोणाचं बरोबर आलं ते कळेलच. आमच्याकडे यावर वीस वर्षं पैज लागतेय आणि नवरा माझ्यापेक्षा जास्त वेळा जिंकलाय, हे मी कोणाला सांगत नाही.

एकांकिका स्पर्धा पण बघा. कॉलेजची पोट्टी असतात, एका बसण्यात तीन-चार एकांकिका होतात, एकेक पाऊण तासात संपते. ज्याला नाटक जड जातं त्याच्यासाठी सुरुवात इथूनच करावी. "मोठ्यानं का बोलतात" हा त्याचा प्रश्न बरोबर आहे, कारण शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू जायला पाहिजे, हौशी नाटकात माइक कमी आणि लटकवलेले असतात, आणि पहिल्या दोन ओळीत बसलं की ते ओरडणंच वाटतं. यावर उपाय साधा आहे, मागे सरका.

कुठे बसायचं यावर लोक विचारच करत नाहीत, पुढचं महाग म्हणजे चांगलं असं धरून चालतात. नाटकाला पाचव्या ते दहाव्या ओळीत, मधोमध. पहिल्या ओळीत मान वर करून बसावं लागतं, आणि नट स्टेजवर खाली बसला किंवा झोपला की नीट दिसत नाही. नृत्य असेल, कथक-भरतनाट्यम, तर थोडं उंचावरून बघा. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह २०१७ ला सुरू झालं, भलंमोठं आहे, दोन हजारांच्या आसपास माणसं बसतात. तिथे बाल्कनीतून पाऊल कुठे पडतं, रांग कशी फुटते ते मस्त दिसतं, पण दोन माणसांचं हळुवार नाटक त्याच बाल्कनीतून म्हणजे चिमण्या बघितल्यासारखं. शास्त्रीय गाण्याला जमेल तेवढं पुढे, कारण अर्धं गाणं तर गवई आणि तबलजी एकमेकांकडे कसं बघतात त्यातच आहे. आणि ऑर्केस्ट्रा, गझल, बँड असं काही असेल तर सरळ साउंडवाल्याचा मिक्सर कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या पुढे-मागे बसा. तो माणूस त्याच्या कानाला जे बरं वाटतं तेच सेट करतो, म्हणजे हॉलमधली सगळ्यात बरी जागा त्याची.

आता गाण्याकडे येते, कारण तिची झोप हा खरा प्रॉब्लेम आहे. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह तुम्ही बघितलंच असेल. वसंतराव जन्मले मूर्तिजापूरला पण वाढले नागपुरात, इथेच शंकरराव सप्रेंकडे गाणं शिकले. कट्यार काळजात घुसली १९६७ मध्ये आलं, त्यातले खाँसाहेब वसंतरावांनी केले आणि लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही नागपूरचेच. म्हणजे गवई इथला, नाटककार इथला, म्हणून या गावात नाटक आणि गाणं वेगळं करून बघायची सवयच नाहीये, तुम्ही दोघं उगाच भांडून राहिलात. त्याच सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, ते वसंतरावांच्या स्मृतीत संगीत समारोह करतं, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि बाहेरचे मोठे कलाकार फुकटात ऐकायला मिळतात. फुकट म्हणजे लवकर जायचं, इतकंच.

झोप न यायची युक्ती मी नवऱ्यावर वापरली आणि ती चालली. सम शोधा. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, म्हणजे पहिला ठोका, गवई कितीही फिरून आला तरी तिथे येऊन टेकतो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे एक चक्कर, पूर्ण व्हायला कधीकधी पाऊण-एक मिनिट लागतं, नवीन माणूस तिथेच हरवतो, म्हणून तिथे डोकं फोडू नका. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होऊ द्या. तीनताल असेल तर सोळा मात्रा, नवव्या मात्रेला "खाली", म्हणजे तालातली रिकामी जागा, तिथून पुढे तबल्याचा घुमणारा डग्गा गप्प होतो, जाणकार तिथे हात उलटा करतात, आणि सोळा संपल्या की धाड. आसपासच्या म्हाताऱ्यांच्या माना बघा, सगळ्या एकदम हलतात ती सम. दोघांनी एकमेकांच्या हातावर बोटानं सम द्यायची, ज्याची चुकली त्याने चहा पाजायचा. आमच्या ह्यांना राग एकही ओळखता येत नाही आजही, पण सम कधी सुटत नाही, म्हणतात पन्नास हर्ट्झचं काम आहे, मोजायची सवय आहे. आणि हो, सावजी हाणून मैफलीला जाऊ नका. त्या जेवणावर जागा राहील असा गवई अजून जन्मायचाय.

संध्याकाळच्या मैफलीत एक तोटा असतो, सकाळचे राग ऐकायलाच मिळत नाहीत. ललित, भैरव, तोडी कोण गाणार रात्री आठला? म्हणून दिवाळी पहाट चुकवू नका. गावात ठिकठिकाणी असतात, बागेत, मैदानात, पाच-साडेपाचला सुरू. अर्ध्या वेळा भावगीतंच असतात म्हणा, पण सुरुवातीचा एखादा राग मिळून जातो, थंडी नुकती लागलेली असते, नवीन कपडे, आणि उठून सरळ तर्री पोहे. माझ्या मते नागपुरातली सगळ्यात रोमँटिक गोष्ट हीच आहे, फुटाळ्याचं नाव लोक उगाच घेतात. तर्री कमी सांगा पहिल्यांदा.

मोठ्या मैदानातल्या स्टार नाइट्सबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. हिवाळ्यात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो, पासवर प्रवेश, मोठी मोठी नावं येतात, एक-दोन दिवस जरूर जा, गर्दीचीच एक मजा असते. पण महागडं तिकीट काढून उभ्यानं बघायचे जे कार्यक्रम असतात त्यात एकदा आम्ही चांगलेच फसलो. मुलीनं ऑनलाइन तिकिटं काढून दिली, मधल्या झोनची, आणि तो झोन नेमका कॅमेऱ्याच्या मचाणामागे. दोन तास उशिरा सुरू झालं, नवऱ्याचा गुडघा गेला, आणि गायक आम्हाला फक्त स्क्रीनवर दिसला, तोही अर्धा, बाकी अर्धा मचाणाच्या बांबूत. तक्रार केली तर आयोजकांचा फोन उचलायला कोणी नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी ग्राउंडचा नकाशा बघा, मचाण कुठे, स्पीकर कुठे, बाहेर पडायचं गेट कुठे. कानात घालायला कापूस ठेवा, हसू नका, स्पीकरच्या भिंतीसमोर अडीच तास म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत कानात शिट्टी. गाडी मैदानाला लागून नाही, घराच्या दिशेला दहा मिनिटं चालत जाऊन लावा, बाकीचे पार्किंगमधून निघेपर्यंत तुम्ही जेवून झोपलेले असाल.

चित्रांचं सांगायचं तर नागपुरात आर्ट गॅलरी म्हणून उठून जावं असं कमी आहे, ते मान्य. पण अजब बंगला तरी बघितलाय का? म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचं. लोक शाळेच्या ट्रिपला जातात आणि आयुष्यभर "पेंढा भरलेला वाघ बघितला" एवढंच सांगतात. शिल्पांच्या दालनात निवांत जा, सोमवार सोडून. आणि सय्यद हैदर रझांचं चित्रकलेचं पहिलं शिक्षण याच गावात झालं, मुंबईला जायच्या आधी, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये. ते बिंदूवाले रझा. हे सांगितलं की नागपूरकरच "काय सांगता" म्हणतात.

पण खरी गॅलरी बघायची तर गणपतीच्या आधी महिनाभर महालात चितार ओळीत जा. संध्याकाळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूला मूर्ती, ओल्या मातीचा वास, एकेका दुकानात बापाच्या बाजूला मुलगा बसून बोटं घडवतोय. एकदाच नाही, तीनदा जा, आठ-आठ दिवसांनी. पहिल्यांदा नुसता पेंढा आणि माती, मग पांढरा रंग, मग दागिने, आणि डोळे शेवटी. एकच मूर्ती धरून ठेवा, दोघांनी मिळून, आणि तिच्याकडेच जात रहा. आम्ही असं अकरा वर्षं केलं. डोळे काढताना कारागीर श्वास धरतो, ते एकदा बघाच. आणि त्याच्या आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. काळी आणि पिवळी, दोन अवाढव्य पुतळ्या, सव्वाशेहून जास्त वर्षांची परंपरा, इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात, आणि मागून बडगे, त्या-त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याची बाहुली, महागाई, पुढारी, खड्डे, जे काय असेल ते, आणि "घेऊन जा गे मारबत" चा गजर. शिल्पकला, राजकारण आणि पथनाट्य एकत्र, तिकीट नाही. गर्दी भयंकर असते, मोबाइल सांभाळा, कोणाच्या तरी गॅलरीत जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. तसंच १३ एप्रिलच्या रात्री इंदोरा-बेझनबागकडे एक चक्कर मारा, भीमगीतांचे कार्यक्रम चालू असतात, आवाज म्हणजे काय आणि लोकांनी उचलून धरणं म्हणजे काय ते तिथे कळतं, हॉलमधल्या टाळ्या त्यापुढे फिक्या वाटतात.

सांस्कृतिक केंद्राच्या आवारात थंडीत क्राफ्ट मेळा भरतो, आसपासच्या राज्यांतले कारागीर आणि लोकनर्तक येतात. दिवसा वस्तू, संध्याकाळी नाच. आमचा नियम आहे, दरवर्षी एकच वस्तू घ्यायची आणि कारागिराशी घासाघीस करायची नाही. बस्तरची लोखंडी चिमणी, गोंड चित्र, असं करत करत भिंत भरली.

आणि एकदा तरी झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातली गावची नाटकं. हे सोडलं तर नागपुरात राहून काय उपयोग. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, आणि दिवाळीनंतर होळीच्या आसपासपर्यंत गावागावात मंडई (गावची जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक. रात्री म्हणजे दहाला सुरू आणि पहाटे संपणार. घराघरात पाहुणे, लेकी-जावई आलेले, मंडप खच्चून, बाजूला ऑर्गन-ढोलकी जिवंत वाजतेय, रडारड, विनोद, मध्येच नाच, परत रडारड. शहरी नाटक बघायची सवय असेल तर पहिला तास हसू येतं, तिसऱ्या तासाला तुम्ही रडत असता. यातलेच कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. ओळखीचं गाव धरूनच जा, नुसतं गाडी काढून निघू नका, रात्री परत यायच्या भानगडीत पडू नका. मी पहिल्यांदा नवऱ्याला नेलं तेव्हा हा अर्ध्या तासात उठून गेला, मला वाटलं झालं, गाडीत झोपला. पहाटे बघते तर जनरेटरवाल्याजवळ शेकोटीला बसलाय, रात्रभर त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टी सांगतोय, कोणत्या गावात लाइट गेली, कोणती नटी चिखलातून कशी आणली. माझ्यापेक्षा जास्त नाटक त्यानेच बघितलं होतं. त्या दिवसापासून मी त्याला "इकडे बघ, तिकडे बघ" करणं बंद केलं.

आमचे करार सांगते, चालले तर घ्या. एक तुझं, एक माझं, एक दोघांनाही माहीत नसलेलं, याच क्रमानं. ज्याचा नंबर आहे त्यानं काहीही निवडावं, दुसऱ्यानं तोंड वाकडं करायचं नाही. मध्यांतराला दोघांपैकी कोणीही "चल" म्हटलं तर दुसऱ्यानं न भांडता उठायचं, कारण विचारायचं नाही. हे असल्यामुळेच माणूस बिनधास्त येतो, आणि खरं सांगते, आम्ही एवढ्या वर्षांत चारदाच उठलोय. आणि संपल्या-संपल्या मत द्यायचं नाही, पार्किंगमध्ये तर नाहीच, चहा समोर आला की मगच. ज्याचं निवडलेलं होतं त्याला आधी बोलू द्यायचं. "कसं वाटलं" असं विचारलं की "छान" च्या पुढे कोणी जात नाही, म्हणून "कुठे कंटाळलास" हे विचारा, लगेच सुरू होतं बोलणं.

पैशांचं म्हणाल तर दोन हजारात महिन्याला एक तिकिटाचं आणि दोन-तीन फुकटचे किंवा स्पर्धेचे आरामात होतात, पेट्रोल आणि चहा धरून. कार्यक्रम कळतात कसे, तर पेपरचं स्थानिक पान अजूनही सगळ्यात भरवशाचं, नुसत्या ॲपवर राहू नका, फुकटचे कार्यक्रम तिथे येतच नाहीत. हॉलच्या फाटकावरचे बोर्ड वाचत जा. मेट्रो आहे तुम्हाला मनीषनगरकडून, जाताना उत्तम, पण शेवटची गाडी दहाच्या आसपास असते आणि नाटक काही तिच्यासाठी थांबत नाही, तेव्हा येतानाचं ठरवून निघा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड आणि मोर्चे, अर्धा तास जास्त धरा. तिसऱ्या घंटेच्या आत बसलेले असा, आणि अंधारात मोबाइल काढू नका, कृपा करा, मी वर केबिनमध्ये बसून दोन मिनिटांचा पहाटेचा प्रकाश हळूहळू आणत असते आणि तेवढ्यात तिसऱ्या ओळीत कोणाच्या तरी तोंडावर निळी ट्यूबलाइट लागते.

हॉलचा एसी कधी गोठवतो, कधी चालतच नाही. शाल घेऊन जा. दोन घ्या, एकीवर भांडण होतं.